संगणकाची ग्रंथतालिका आणि आपली नोंद

ग्रंथालयात संगणक आला की ज्ञानाची दारे आपोआप उघडतात, असा एक समज शिकलेल्या वर्गात रूढ झाला आहे. त्यात तथ्य नाही असे नाही. ज्या समाजाला शतकानुशतके अक्षरापासून तोडले गेले, त्या समाजातील मुलाला कुणाच्या मर्जीची वाट न पाहता पुस्तकाचा ठावठिकाणा शोधता येणे, ही लहान गोष्ट नव्हे. घरातला पहिला पदवीधर म्हणून मी तिचे मोल जाणतो. परंतु यंत्राला जेवढे सांगितले तेवढेच ते सांगते. म्हणून यंत्राला कोणी, काय आणि कोणत्या शब्दांत सांगितले, हा प्रश्न केवळ ग्रंथपालावर सोपवून चालणार नाही. कार्यकर्ते, विद्यार्थी आणि शिक्षक यांनी तो समजून घेतला पाहिजे.

प्रथम ही यंत्रणा चालते कशी ते पाहू. पूर्वी ग्रंथपाल प्रत्येक पुस्तकाची लेखक, शीर्षक आणि विषय अशी वेगवेगळी कार्डे करून लाकडी खणांत लावीत. १९६० च्या दशकात अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट ॲव्हराम यांच्या पुढाकाराने या कार्डाला यंत्राला वाचता येईल असे रूप देण्यात आले. त्या पद्धतीला ‘मार्क’ म्हणतात. तीत प्रत्येक माहितीला क्रमांकाचा रकाना असतो. १०० या रकान्यात लेखक, २४५ मध्ये शीर्षक, ५०५ मध्ये अनुक्रमणिका, ६५० मध्ये विषय. वाचक जो शब्द टाइप करतो, तो या रकान्यांत सापडला तरच पुस्तक पडद्यावर दिसते. आपल्याकडे महाविद्यालयांत इन्फ्लिबनेटची ‘सोल’, एनआयसीची ‘ई-ग्रंथालय’ आणि ‘कोहा’ या प्रणाली वापरल्या जातात. कोहा न्यूझीलंडमधील एका जिल्ह्याच्या ग्रंथालयासाठी १९९९ मध्ये तयार झाली. ती कुणालाही विनामूल्य वापरता येते. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. वस्तीतल्या वाचनालयालाही एका साध्या संगणकावर ही भेट स्वीकारता येईल.

आता रकाना रिकामा राहिला की काय होते ते पाहा. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखन-भाषणांचे इंग्रजी खंड प्रसिद्ध केले. ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ (१९३६) पहिल्या खंडात आहे; ‘हू वेअर द शूद्राज’ (१९४६) आणि ‘द अनटचेबल्स’ (१९४८) हे दोन्ही ग्रंथ सातव्या खंडात आहेत. माझी एक विद्यार्थिनी यातील एक नाव संगणकावर शोधत होती. उत्तर आले: नोंद आढळली नाही. खंड तर दहा पावलांवरच्या कपाटात होता. नोंदीत फक्त मालिकेचे नाव आणि खंड क्रमांक भरलेला. अनुक्रमणिकेचा रकाना कोराच. पुस्तक ग्रंथालयात असून वाचकाला नाही, अशी ही अवस्था. तो रकाना भरायला एका खंडाला फार तर अर्धा तास लागतो.

दुसरा प्रश्न नावांचा. अण्णा भाऊ साठे यांचे मूळ नाव तुकाराम भाऊराव साठे. बाबासाहेबांची नोंद कुठे ‘भीमराव रामजी’, कुठे ‘बी. आर.’, तर कुठे ‘डॉ. बाबासाहेब’ अशी असते. ही सर्व रूपे एकाच व्यक्तीची आहेत हे संगणकाला प्रमाण नावांच्या यादीतून सांगावे लागते. एरवी एकाच लेखकाचे ग्रंथ तीन ठिकाणी विखुरतात. मराठी शीर्षके रोमन लिपीत नोंदवली की गोंधळ आणखी वाढतो. दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८) रोमनमध्ये कुणी ‘बलुता’ लिहितो, कुणी ‘बलुते’. देवनागरी ही युनिकोडमध्ये १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे आणि ‘मार्क’मध्ये मूळ लिपीसाठी ८८० हा रकानाही आहे. तेव्हा मराठी पुस्तकाला रोमनचा मुखवटा चढवण्याचे कारण उरलेले नाही. मात्र युनिकोडपूर्व फाँटमध्ये केलेल्या जुन्या नोंदी रूपांतर केल्याशिवाय शोधात येत नाहीत, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

तिसरा आणि सर्वांत मूलभूत प्रश्न विषयाचा. मेल्व्हिल ड्यूई यांच्या १८७६ च्या दशांश पद्धतीत मराठी साहित्याचा वर्गांक ८९१.४६ आणि मराठी कवितेचा ८९१.४६१. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ मराठी कवितेच्या रांगेतच उभा राहावा, हे योग्यच आहे. पण एवढ्यावर थांबले तर दलित कवितेचा शोध घेणाऱ्याला ती सारी एकत्र कधीच दिसणार नाही. ते काम विषयशीर्षकाने करायचे असते. शीर्षक कोणते, याला तर फारच महत्त्व आहे. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या यादीत पूर्वी ‘अनटचेबल्स’ असा शब्द होता, आता तेथे ‘दलित्स’ आहे. समाजाने स्वतःसाठी स्वीकारलेला शब्द तालिकेत येणे हा मानवी प्रतिष्ठेचा भाग आहे. कार्डांच्या काळात असा बदल करायचा म्हणजे हजारो कार्डे खोडावी लागत. आज प्रमाण यादीत एकदा दुरुस्ती केली, की तिला जोडलेल्या सर्व नोंदी बदलता येतात. यंत्राचे खरे सामर्थ्य येथे आहे.

अखेरचा मुद्दा जे ग्रंथालयात पोहोचलेच नाही त्याचा. ‘मूकनायक’ (१९२०) आणि ‘बहिष्कृत भारत’ (१९२७) यांचे पुनर्मुद्रण झाले. पण जलशांच्या पुस्तिका, जयंतीच्या स्मरणिका, परिषदांचे अहवाल, अल्पजीवी अनियतकालिके यांच्यावर आयएसबीएन नाही. विक्रेत्याच्या यादीत ती नाहीत आणि म्हणून तालिकेतही नाहीत. त्यांचा कागद घराघरांतल्या ट्रंकांत पिवळा पडून तुटत आहे. त्यांची छायाचित्रे घेतली पाहिजेत, पण तेवढ्याने भागत नाही. छायाचित्र म्हणजे यंत्राच्या दृष्टीने केवळ चित्र. त्यातील मजकूर शोधता यावा म्हणून अक्षर ओळखणारी प्रणाली वापरावी लागते, आणि खिळ्यांच्या जुन्या छपाईतील तुटकी जोडाक्षरे ती चुकीची वाचते. शेवटी माणसाला बसून ती दुरुस्त करावी लागतात.

म्हणून माझी सूचना साधी आहे. प्रत्येक महाविद्यालयातील चार-पाच विद्यार्थ्यांनी आपल्या ग्रंथालयाची तालिका तपासावी. आंबेडकरी आणि दलित साहित्याची पन्नास पुस्तके शोधून पाहावीत. कपाटात असून पडद्यावर न दिसणाऱ्या पुस्तकांची यादी करून रिकामे रकाने, चुकीची नावे आणि गैरलागू विषयशीर्षके ग्रंथपालांना लेखी कळवावीत. बहुतेक ग्रंथपाल अपुऱ्या मनुष्यबळात काम करतात. ते अशा मदतीचे स्वागतच करतील. घरातील जुन्या पुस्तिकांवर वर्ष, गाव, मुद्रणालय आणि लेखकाचे पूर्ण नाव लिहून ठेवावे. हे माहीत असणारी पिढी आज वृद्ध आहे. तिला विचारायचे असेल, तर ते याच वर्षी विचारले पाहिजे.