घुशीच्या रक्तातला परजीवी

शिरूर-दौंडच्या पट्ट्यात ऊसतोड शेवटच्या सरींपर्यंत आली की आत दडलेले उंदीर आणि घुशी सैरावैरा पळतात. घुशीला तेलुगूत ‘पंदिकोक्कू’ म्हणतात, म्हणजे डुक्कर-उंदीर. त्यावरून इंग्रजीत ‘बँडिकूट’ आले आणि पुढे ऑस्ट्रेलियातल्या पिल्लाला पिशवीत वाढवणाऱ्या एका छोट्या प्राण्यालाही तेच नाव चिकटले. नाते काहीच नाही. पण ट्रिपॅनोसोमा हा एकपेशीय परजीवी दोघांच्याही रक्तात आढळतो.

हिवतापाचा जंतू तांबड्या पेशीत घुसतो. हा पेशींच्या बाहेर वळवळतो. उंदरातली ट्रिपॅनोसोमा लुईसी ही जात पिसवा पसरवतात, पण चावून नव्हे. अंग चाटताना उंदीर पिसू किंवा तिची विष्ठा गिळतो आणि लागण होते. धडधाकट उंदराला सहसा त्रास होत नाही.

अनोळखी रक्तात मात्र हाच पाहुणा घातक ठरू शकतो. हिंदी महासागरातल्या ख्रिसमस बेटावर १८९९च्या सुमारास जहाजातून काळे उंदीर उतरले. दहा वर्षांच्या आत तिथले मूळचे उंदीर नामशेष झाले. संग्रहालयातल्या जुन्या कातड्यांतील डीएनए तपासून २००८मध्ये संशोधकांनी याच परजीवीकडे बोट दाखवले. ऑस्ट्रेलियात वॉयली या पिशवीवाल्या प्राण्याची संख्या झपाट्याने घटली, त्यातही ट्रिपॅनोसोमावर संशय आहे; मांजरे आणि कोल्हेही आहेतच म्हणा.

माणसाच्या रक्तात एपीओएल-१ नावाचे प्रथिन असते. जनावरांतले बहुतेक ट्रिपॅनोसोमा ते मारून टाकते. २००४मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात गुराढोरांना होणाऱ्या ‘सर्रा’ रोगाचा परजीवी कित्येक महिने सापडत राहिला. आई-वडील दोघांकडून आलेल्या जनुकदोषामुळे त्याच्या शरीरात हे प्रथिनच तयार होत नव्हते. सुरामिन औषधाने तो बरा झाला. मुंबईतल्या दोन महिन्यांच्या बाळाच्या रक्तातही ट्रिपॅनोसोमा आढळल्याची नोंद २००७मध्ये प्रसिद्ध झाली.

असे रुग्ण फारच विरळा. उसाच्या फडात उंदरांमुळे खरी धास्ती लेप्टोची. त्यांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यात जखमी पायाने उतरणे टाळावे. मात्र ताप हटत नसेल आणि हिवतापाची तपासणी कोरी येत असेल, तर घरात उंदरांचा सुळसुळाट आहे का, गोठ्यात आजारी जनावर आहे का, हे डॉक्टरांना आपणहून सांगावे. रक्ताच्या काचपट्टीवर तांबड्या पेशींच्या बाहेरही नजर टाकायची, हे त्यावरूनच सुचते.