दंड कुणाला? सांगा एका ओळीत

"दहा तारखेनंतर हप्ता भरला तर १० रुपये दंड, नाहीतर काही नाही." गटातल्या प्रत्येकीला हे वाक्य पाठ असतं. हेच वाक्य संगणकाला पायथन भाषेत एका ओळीत कसं सांगायचं, ते आज बघू. आमच्या सचिवताईंची लेक कॉलेजात पायथन शिकते. तिच्याकडून आम्ही हे शिकलो, आणि एकदा चांगलाच घोळही घातला.

पायथनमध्ये 'जर'साठी 'इफ' आणि 'नाहीतर'साठी 'एल्स' हे शब्द आहेत. सुटं सुटं लिहिलं तर चार ओळी होतात. एका ओळीत असं:

दंड = १० इफ उशीर एल्स ०

'उशीर' या नावात हो किंवा नाही एवढंच साठवलेलं असतं. ओळ अशी वाचायची: दंड दहा, उशीर झाला असेल तर, नाहीतर शून्य. उत्तर आधी, अट मध्ये. उलटं वाटतं खरं, पण "दुधाचा चहा ठेव, दूध असेल तर, नाहीतर कोरा" असं आपण बोलतोच की! या एका ओळीत 'एल्स' गाळून चालत नाही, संगणक ओळच घेत नाही. इफ, एल्स आणि आकडे इंग्रजीत टाइप करावे लागतात. 'दंड', 'उशीर' ही नावं मात्र पायथन ३ मध्ये मराठीत चालतात.

आता आमचा घोळ. हप्ता २०० रुपयांचा. दंड धरून प्रत्येकीची एकूण जमा हवी होती, म्हणून लिहिलं:

एकूण = २०० + १० इफ उशीर एल्स ०

उशीर करणाऱ्यांपुढे २१० आले, बरोबर. पण वेळेवर भरणाऱ्या सगळ्यांपुढे शून्य! "मी पैसे मोजून दिले, गेले कुठे?" असं एका मावशींनी विचारलं आणि सगळ्यांच्या नजरा खजिनदारताईंकडे वळल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. वही काढली, तर पैसे जागच्या जागी.

झालं असं, की संगणकाने बेरीज आधी धरली. उशीर असेल तर २०० अधिक १०, नाहीतर नुसतं शून्य, असा त्याने अर्थ लावला. कंस हवा होता:

एकूण = २०० + (१० इफ उशीर एल्स ०)

ही सोय पायथनमध्ये २००६ साली, २.५ या आवृत्तीत आली. त्याआधी लोक 'अँड' आणि 'ऑर' जोडून भागवायचे: वेळेवर अँड ० ऑर १०. पण पायथन शून्याला 'नाही' समजते, त्यामुळे वेळेवर भरणारीलाही दहाचा दंड! जुन्या पुस्तकात अशी ओळ दिसली तर उतरवून घेऊ नका.

आजारपणाची सूट, दुसऱ्या महिन्याचा वाढीव दंड अशा तीन-चार अटी असतील, तर आम्ही सरळ सुट्या ओळी लिहितो. आणि यादी बैठकीत वाचण्याआधी एक वेळेवरची, एक उशिराची अशी दोन नावं वहीशी ताडून बघतो. हे काम खजिनदारताईंनी स्वतःकडे घेतलं आहे.