हसण्याआधीची चारशे पानं

विनोदी लेखक म्हटला की आपल्यापुढे एक ठरावीक माणूस उभा राहतो. गप्पिष्ट, मैफल मारून नेणारा, आणि लेख मागायला आलेला संपादकाचा माणूस दारात ठाण मांडून बसेपर्यंत कागदाला हात न लावणारा. दिवाळी अंकांच्या आठवणी अशा किश्शांनी भरलेल्या असतात आणि ते सगळेच खोटे आहेत असं कोण म्हणेल? पण पु. ल. देशपांडे ज्याचे निस्सीम वाचक होते, त्या पी. जी. वुडहाऊसचा दिवस पाहिला तर तो एखाद्या पोस्टमास्तराचा वाटावा. गप्पांच्या मैफलीचं तर त्याला वावडंच होतं. घरी जमलेल्या पार्टीतून तो इतक्या सफाईने सटकायचा की ओळखीच्या लोकांनी त्या सटकण्याला त्याचंच नाव देऊन टाकलं होतं.

न्यूयॉर्कच्या पूर्वेला लाँग आयलंडवर रेम्सेनबर्ग नावाचं आडगाव आहे. १९५० च्या दशकात वुडहाऊस आणि त्याची बायको एथेल तिथे राहायला आले ते कायमचे. सकाळी साडेसातच्या सुमारास तो उठायचा आणि आधी व्यायाम करायचा. येल विद्यापीठाचा फुटबॉल प्रशिक्षक वॉल्टर कॅम्प याने बारा सोप्या व्यायामांचा एक संच बेतला होता, नाव 'डेली डझन'. वुडहाऊसने तो १९२० च्या सुमारास धरला आणि नव्वदी ओलांडली तरी सोडला नाही. मग न्याहारी, आणि न्याहारीबरोबर वाचायला पुस्तक. ते बहुधा खुनाची भानगड असलेली रहस्यकथा असायचं. त्यानंतर पाइप पेटवायचा, कुत्र्यांना थोडं फिरवून आणायचं आणि नऊच्या सुमारास लिहायच्या खोलीत शिरायचं. आधी पेन्सिलने, मग जुन्या टाइपरायटरवर. जेवणाची वेळ होईपर्यंत काम चालायचं.

दुपारचा कार्यक्रमही ठरलेला. लांब फेरफटका मारायचा, सोबतीला पुष्कळदा गाय बोल्टन. संगीतिकांच्या दिवसांपासूनचा हा जोडीदार जवळच राहायचा. साडेतीनच्या सुमारास मात्र टीव्हीपुढे हजर. 'द एज ऑफ नाइट' ही वकील-पोलिसांची रोजची मालिका तो चुकवत नसे, आणि त्या वेळी आलेल्या पाहुण्याला मालिका संपेपर्यंत थांबावं लागे. आपल्याकडे संध्याकाळची मालिका चालू असताना बेल वाजवणाऱ्याची जी गत होते तीच. मग अंघोळ, सहाच्या सुमारास मार्टिनी, जेवण, रात्री वाचन नाहीतर एथेलबरोबर दोघांत खेळायचं ब्रिज. उमेदीत तो दिवसाला दोन-अडीच हजार शब्द लिहायचा. नव्वदीत आकडा हजाराच्या आसपास आला, दिनक्रम मात्र तोच राहिला.

या वेळापत्रकात विनोद कुठे आहे, असं कुणी विचारलं तर उत्तर देणं कठीण आहे. त्यासाठी थोडं मागे जावं लागतं.

वुडहाऊसचा जन्म १८८१ चा. शाळा संपली तेव्हा ऑक्सफर्डला पाठवण्याइतकी वडिलांची ऐपत उरली नव्हती, म्हणून १९०० साली त्याला लंडनमध्ये हाँगकाँग अँड शांघाय बँकेत चिकटवण्यात आलं. दिवसा खतावण्या आणि रात्री लेखन अशी दोन वर्षं त्याने काढली. लेखनाच्या मिळकतीची तो एक वही ठेवायचा. कुठल्या मासिकाने काय घेतलं, किती पैसे दिले, सगळं टिपलेलं. बँकेतला त्याचा एक किस्सा प्रसिद्ध आहे. नव्या कोऱ्या खतावणीचं पहिलं पान पाहून त्याला मोह आवरला नाही आणि त्यावर त्याने एक विनोदी लेखच लिहून टाकला. मग भानावर येऊन ते पान फाडलं आणि त्यावरून व्हायचा तो गोंधळ झाला. किस्सा त्याचाच आहे, तेव्हा त्यात मीठमसाला किती हे ज्याने त्याने ठरवावं.

१९०२ मध्ये त्याने बँक सोडली आणि 'द ग्लोब' या सायंदैनिकातल्या 'बाय द वे' या सदरावर तो काम करू लागला. १९०४ पासून सदराची जबाबदारी त्याच्याकडेच आली. रोज सकाळी यायचं, त्या दिवशीची वर्तमानपत्रं चाळायची, बातम्यांवर चुटके आणि पद्यं करायची आणि दुपारपर्यंत मजकूर छपाईला द्यायचा. पोट बिघडलेलं असो, घरभाडं थकलेलं असो, सायंदैनिक निघणारच. आज सुचत नाही हे वाक्य जिथे कुणी ऐकून घेत नाही अशा जागी तो वयाच्या विशीत घडला. रेम्सेनबर्गच्या त्या नऊ वाजण्याची मुळं मला इथे दिसतात.

पण सदर लिहिणं वेगळं आणि कादंबरी वेगळी. चुटका दोन ओळींत सुटतो. कादंबरीत तीनशे पानं हसवत न्यायचं तर नुसत्या चुटक्यांवर भागत नाही, वाचक चाळिसाव्या पानावर जांभई देतो. हे वुडहाऊसला फार लवकर कळलं होतं. म्हणून त्याच्या सकाळचा फार मोठा वाटा लिहिण्यात जातच नसे, तो कथानक जुळवण्यात जायचा. कादंबरीला हात घालण्यापूर्वी तो सुमारे चारशे पानांची टिपणं काढत असे. स्वतःशीच वाद घातलेली, बरीचशी असंबद्ध अशी ती टिपणं असत. ती करता करता कुठेतरी गाठ बसते आणि कादंबरी सुरू झाल्याचं कळतं, असं त्याचं म्हणणं. त्यातून प्रसंगवार आराखडा उभा राहायचा, आणि तोच कधी कधी तीस हजार शब्दांवर जायचा. आपल्याकडची आटोपशीर कादंबरी एवढ्यात होऊन जाते.

एवढी मेहनत कशासाठी, ते पाहायचं तर १९३८ ची 'द कोड ऑफ द वूस्टर्स' उघडावी. चांदीची एक गाय आहे, तिच्या तोंडातून चहात दूध ओतायचं. बर्टी वूस्टरच्या आत्याच्या नवऱ्याला ती हवी आहे, पण सर वॉटकिन बॅसेट या खडूस माजी न्यायाधीशाने ती आधीच पळवली. आता डालिया आत्याचा हुकूम आहे की बर्टीने बॅसेटच्या घरी जाऊन ती चोरावी. त्याच घरात गसी या मित्राचं लग्न मोडायच्या बेतात आहे, कारण होणाऱ्या सासऱ्याची नालस्ती लिहिलेली त्याची वही हरवली आहे. ती सापडली आहे स्टिफी नावाच्या एका आगाऊ मुलीला. ती म्हणते, वही हवी तर गाय तूच चोर, म्हणजे माझा पाद्री प्रियकर चोराला पकडल्याचं नाटक करून काकांची मर्जी मिळवील. इतक्यात त्या पाद्र्याने हवालदाराचं हेल्मेट लांबवलेलं असतं, तेही फिरत फिरत बर्टीच्याच गळ्यात येतं. आत्याला गाय हवी, स्टिफीला चोर हवा, बॅसेटला बर्टी तुरुंगात हवा. कुठल्याही दाराने बाहेर पडायला जावं तर समोर तिघांतला एक उभा. बर्टी तोंडातून जे काही काढतो ते विनोदी वाटतं याचं निम्मं श्रेय या कोंडीला आहे. तेच वाक्य तो आरामात क्लबमध्ये बसून बोलला असता तर आपण नुसतं बरं म्हणालो असतो.

ही कोंडी बांधायची अक्कल त्याला रंगभूमीने दिली. पहिल्या महायुद्धाच्या काळात जेरोम कर्नचं संगीत आणि गाय बोल्टनची जोडी घेऊन त्याने ब्रॉडवेवर संगीतिकांचा सपाटा लावला होता. तिथून त्याने एक हिशेबी सवय उचलली. आपली पात्रं ही पगारी नट आहेत असं समजायचं. मोठ्या नटाला मोठा पगार द्यावा लागतो, मग त्याला दोन वाक्यांसाठी रंगमंचावर आणून कसं चालेल? आणि दुय्यम पात्र जागा अडवून बसलं तर त्याचा पगार कोणी भरायचा? बर्टीचा नोकर जीव्ज पानोपानी दिसत नाही, पण दिसतो तेव्हा काम करूनच जातो, त्यामागे हा हिशेब आहे. गंमत अशी की १९१५ च्या ज्या कथेत जीव्ज पहिल्यांदा आला तिथे त्याच्या वाट्याला जेमतेम दोन वाक्यं होती. पुढे त्याचा भाव वाढला. आपल्या कादंबऱ्या म्हणजे संगीत वगळलेल्या संगीतिका आहेत, खऱ्या आयुष्याशी त्यांना काही देणंघेणं नाही, असं तो स्वतःच सांगायचा. त्यात थोडा बचाव आहे आणि बरंच खरं.

आराखड्यानंतर लिहिणं आणि लिहिल्यावर पुन्हा लिहिणं. त्याबद्दल डग्लस ॲडम्स या दुसऱ्या मोठ्या विनोदी लेखकाने एक गोष्ट नोंदवली आहे. वुडहाऊस लिहिलेली पानं खोलीच्या भिंतींवर टाचण्यांनी लावत जायचा. जमलेली पानं उंच, न जमलेली खाली. खालचं पान काढायचं, त्यातला एखादा संवाद उडवायचा, एखादी उपमा बदलायची, आणि जरा वर टाचायचं. सगळी पानं छताखालच्या पट्टीपर्यंत चढली की हस्तलिखित प्रकाशकाकडे जायला मोकळं. लेखनाच्या शिबिरांमध्ये 'पुनर्लेखन करा' असं सांगतात, पण किती करायचं ते कुणी सांगत नाही. या भिंतीवर ते निदान डोळ्यांना दिसत होतं.

आता या दिनक्रमाची दुसरी बाजू, जी त्याच्या चाहत्यांना सांगायला आवडत नाही. सकाळी नऊ वाजता दार लावून घेणारा माणूस बाहेर काय चाललं आहे याकडेही पाठ फिरवतो. १९४० च्या मे महिन्यात जर्मन फौजा फ्रान्सच्या किनाऱ्यावर पोचल्या तेव्हा वुडहाऊस तिथेच, ल तुके या गावी राहत होता आणि जीव्जची 'जॉय इन द मॉर्निंग' ही कादंबरी शेवटाकडे आली होती. निघायला उशीर झाला आणि दोनदा निघूनही गाड्यांनी दगा दिला. जुलैत जर्मनांनी साठीच्या आतल्या सगळ्या ब्रिटिश पुरुषांना पकडलं. एकामागून एक तुरुंग आणि छावण्या करत तो अप्पर सायलेशियातल्या टोस्ट गावी पोचला. तिथली छावणी म्हणजे पूर्वीचं वेड्यांचं इस्पितळ. तिथल्या गजबजाटात बसून त्याने 'मनी इन द बँक' ही अख्खी कादंबरी लिहिली. उपासमार, थंडी, पन्नास माणसांचा कालवा, आणि हा आपला रोजचं पान भरतो आहे. शिस्तीचं कौतुक करावं तर याहून मोठा दाखला मिळणार नाही.

पण १९४१ च्या जूनमध्ये, साठीला काही महिने असताना त्याला सोडण्यात आलं आणि बर्लिनहून त्याने अमेरिकन श्रोत्यांसाठी पाच भाषणं केली. विषय छावणीतल्या गमती. त्यात नाझींची तरफदारी नव्हती. त्याने केलं ते एवढंच, की छावणीतला आपला दिनक्रम हलक्याफुलक्या भाषेत सांगितला. मात्र माइक नाझींचा होता आणि लंडनवर बॉम्ब पडून गेले होते. इंग्लंडमध्ये त्याला देशद्रोही म्हटलं गेलं. जुलैत बीबीसीवरून एका पत्रकाराने त्याचे वाभाडे काढले, काही ग्रंथालयांनी पुस्तकं हटवली. १९४५ मध्ये जॉर्ज ऑर्वेलने त्याच्या बाजूने लेख लिहिला. त्याचा रोख असा की हा माणूस मूर्खपणाचा दोषी आहे, द्रोहाचा नाही, आणि त्याचं जग पहिल्या महायुद्धाआधीच थांबलेलं आहे. ब्रिटिश गुप्तचर खात्याच्या मेजर कसन यांच्या चौकशीतही खटला भरण्यासारखं काही हाती लागलं नाही, पण तो अहवाल लोकांपुढे आला १९८० साली. तोवर वुडहाऊस हयात नव्हता. १९४७ मध्ये तो अमेरिकेला गेला आणि इंग्लंडला पुन्हा कधीच आला नाही. ज्या इंग्लंडबद्दल तो लिहीत राहिला ते इंग्लंड रेम्सेनबर्गच्या त्या खोलीत होतं. मला वाटतं, ऑर्वेलचं निदान बरोबर होतं, आणि तरी त्यात एक गोष्ट राहिली: या माणसाला छावणी आणि लेखनाची खोली यांतला फरक खरोखरच फारसा जाणवला नसावा. दोन्हीकडे त्याने तेच केलं.

१९७५ च्या नववर्षाच्या यादीत त्याला 'सर' हा किताब मिळाला. त्याच वर्षी १४ फेब्रुवारीला, वयाच्या ९३ व्या वर्षी, लाँग आयलंडच्या रुग्णालयात तो गेला. ब्लँडिंग्ज मालिकेतली अर्धवट कादंबरी त्याने रुग्णालयात सोबत नेली होती. बावीसपैकी सोळा प्रकरणं झाली होती. १९७७ मध्ये रिचर्ड उसबोर्न यांनी ती 'सनसेट ॲट ब्लँडिंग्ज' या नावाने वुडहाऊसच्या टिपणांसह छापली. विनोदी लेखन शिकू पाहणाऱ्याने त्याच्या नव्वदहून अधिक पुस्तकांतलं हे सर्वांत अपुरं पुस्तक आधी वाचावं. टिपणांत तो स्वतःला प्रश्न विचारतो, उत्तरं खोडतो, कुणाला कुठल्या खोलीत आणायचं याची खलबतं करतो. त्यात हसू येण्यासारखं जवळपास काही नाही. आणि टंकलिखित झालेली सोळा प्रकरणंही नेहमीच्या मानाने पातळ लागतात. प्रसंग जागेवर आहेत, माणसं वेळेवर आत येतात आणि बाहेर जातात, पण संवाद अजून सपाट आहेत. ती पानं भिंतीवर अजून खालीच होती.