क्रियापदाचं शेपूट
मुलाखतींतून इंग्रजी : भाग 9

गेल्या आठवड्यातला भाग वाचून बऱ्याच जणांनी एकच मागणी केली : हवामानबदलावरच्या मुलाखती ऐकायच्या तर आधी अवघड शब्दांची यादी द्या. मिटिगेशन, अडॅप्टेशन, सिक्वेस्ट्रेशन वगैरे. यादी मी देणार नाही. हे शब्द दिसायला लांबलचक असले तरी स्वभावाने सरळ आहेत. एकदा अर्थ पाहिला की काम झालं. स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांना तर ते तोंडपाठ असतात. तरीही प्रत्यक्ष मुलाखत लावली की दुसऱ्याच मिनिटाला धागा सुटतो. घोळ करतात ते 'आउट', 'डाऊन', 'ऑन', 'फॉर' यांच्यासारखे टीचभर शब्द. ते आपल्याला प्राथमिक शाळेपासून येतात, निदान येतात असं वाटतं.

मार्च 2024 मधली बीबीसीच्या 'हार्डटॉक'ची एक मुलाखत घेऊ. प्रश्न विचारणारे स्टीफन सॅकर, समोर गयानाचे राष्ट्राध्यक्ष इरफान अली. दक्षिण अमेरिकेत इंग्रजी ही राजभाषा असलेला गयाना हा एकमेव सार्वभौम देश. आपल्याला तो ठाऊक क्रिकेटमुळे : क्लाइव्ह लॉइड तिथले, आणि सुनील गावसकरांनी ज्यांच्यावरून मुलाचं नाव ठेवलं ते रोहन कन्हायही तिथलेच. 2015 मध्ये एक्झॉनमोबिलला या देशाच्या समुद्रात तेलाचा मोठा साठा सापडला, 2019 च्या डिसेंबरात उत्पादन सुरू झालं आणि आठ लाखांच्या आसपास वस्तीच्या या देशाचं नशीबच पालटलं.

सॅकर हिशेब मांडू लागले. तुमच्या किनाऱ्यालगत दीडशे अब्ज डॉलरचं तेल आणि वायू निघेल अशी अपेक्षा आहे, त्यातून दोन अब्ज टनांहून अधिक कार्बन हवेत जाईल, वगैरे. बोलणं पुरं व्हायच्या आत अली म्हणाले, 'लेट मी स्टॉप यू राइट देअर.' आणि लगेच तेच पुन्हा एकदा.

यातल्या 'राइट'चा उजव्या हाताशी किंवा बरोबर उत्तराशी काही संबंध नाही. मराठीत 'तिथं थांबा' आणि 'तिथंच थांबा' यांत जो 'च' आहे, तो म्हणजे हा 'राइट'. सुरुवातीचं 'लेट मी' विनंतीसारखं दिसतं खरं, पण ते विधानसभेतल्या 'सन्माननीय सदस्य'सारखं. त्यानंतर काय येणार हे सगळ्यांना माहीत असतं.

पुढे अली सांगतात की इंग्लंड आणि स्कॉटलंड मिळून होईल एवढं जंगल आमच्याकडे आहे, त्यात 19.5 गिगाटन कार्बन साठलेला आहे आणि हे जंगल आम्ही 'केप्ट अलाइव्ह'. अहवालाच्या भाषेत इथे 'कॉन्झर्व्ह्ड' आलं असतं. 'कीप अलाइव्ह' म्हटल्यावर मात्र हे जंगल मरू शकलं असतं, आम्ही ते मरू दिलं नाही, असं न बोलता सांगितलं जातं. सॅकर विचारतात : त्यामुळे एवढा कार्बन सोडण्याचा हक्क तुम्हाला मिळतो का? अली त्यांच्याच वाक्याचा साचा उचलून परत फेकतात : त्यामुळे तुम्हाला 'लेक्चर अस ऑन क्लायमेट चेंज' असा हक्क मिळतो का? 'लेक्चर' आपल्याला नवं नाही. कॉलेजात बसतो तेही लेक्चर आणि उशिरा घरी आल्यावर ऐकतो तेही. फरक कळतो तो छोट्या शब्दावरून. प्राध्यापक 'लेक्चर टू अ क्लास' करतात, तेव्हा ते व्याख्यान असतं. मधला 'टू' गळून माणूस थेट क्रियापदाला चिकटला, 'लेक्चर अस', की ते उपदेशाचे डोस पाजणं होतं. शब्दकोशात हे दोन अर्थ एकाखाली एक शांतपणे बसलेले असतात. इथे एका राष्ट्राध्यक्षाच्या आवाजात ते ऐकलं की पुन्हा पाठ करावं लागत नाही.

मग येतो 'फॉर'. या कार्बनसाठ्याचा फायदा तुम्ही घेता, सगळं जग घेतं, 'दॅट यू डोन्ट पे अस फॉर'. वाक्याच्या शेवटी शब्दयोगी अव्यय ठेवू नये असं शाळेत बजावलेलं असतं. अलींचं हे उपवाक्य तिथेच संपतं आणि जोरही तिथेच येतो. नंतर ते उलट विचारतात की ज्यांनी पर्यावरणाची नासाडी केली त्यांच्या 'इन द पॉकेट्स' तुम्ही आहात का? मराठीत आपण मैदान किंवा सामना खिशात घालतो. इंग्रजीत दुसऱ्याच्या खिशात असणं म्हणजे मिंधं असणं.

भाषेवर खूश होताना विधान तपासायचं मात्र विसरू नये. 'पैसे देत नाही' हे शंभर टक्के खरं नाही. जंगल राखण्यासाठी नॉर्वेने गयानाशी 2009 मध्ये करार केला होता, आणि 2022 च्या अखेरीस हेस कंपनीने किमान 75 कोटी डॉलरचे कार्बन क्रेडिट घेण्याचा करार केला. हीच हेस तेव्हा त्या तेलक्षेत्रातली भागीदार होती. सॅकर यांनी हे काढलं असतं तर आपल्याला आणखी चार शब्द मिळाले असते.

क्रियापदामागचं असं एखादं टीचभर शेपूट किती महाग पडू शकतं हे ग्लासगोत दिसलं. नोव्हेंबर 2021 मधल्या हवामान परिषदेच्या मसुद्यात कोळशाबाबत 'फेज आउट' होतं. अखेरच्या बैठकीत भारताचे पर्यावरणमंत्री भूपेंद्र यादव यांनी तिथे 'फेज डाऊन' करण्याचा प्रस्ताव मांडला आणि तो स्वीकारला गेला. स्वित्झर्लंड आणि मार्शल बेटांच्या प्रतिनिधींनी उघड नाराजी बोलून दाखवली. अध्यक्ष आलोक शर्मा यांना माफी मागताना गहिवरून आलं. 'आउट' म्हणजे टप्प्याटप्प्याने बंद, 'डाऊन' म्हणजे टप्प्याटप्प्याने कमी. किती कमी, ते मोकळंच. त्यानंतर ऊर्जामंत्र्यांच्या मुलाखतींत हा प्रश्न हमखास येऊ लागला : तुम्ही 'आउट' म्हणताय की 'डाऊन'? 2023 च्या डिसेंबरात दुबईत जीवाश्म इंधनांवरून तोच वाद रंगला. अनेक देशांना 'आउट' हवं होतं, तेल विकणाऱ्यांना ते नको होतं, आणि तोडगा निघाला 'ट्रान्झिशनिंग अवे'. 'अवे' म्हणजे लांब जाणं. पोचायचं कुठे आणि कधी, हे त्या शब्दाला विचारून उपयोग नाही.

मराठी माणसाला खरं तर हे अवघड जायला नको. आपण दिवसभर हेच करतो. 'देऊन टाक', 'देऊन ठेव', 'देऊन बघ', 'देऊन बसला' यांत देणं एकच आहे. सुटका, तरतूद, चाचपणी आणि पश्चात्ताप हे सगळं मागून आलेल्या क्रियापदाने आणलेलं. परक्या माणसाला मराठी शिकवताना आपण 'दे'चा अर्थ सांगून थांबत नाही. इंग्रजी शिकताना मात्र 'फेज' लिहायचं, पुढे 'टप्पा' लिहायचं आणि वही मिटायची, ही सवय जात नाही.

क्रियापदाच्या मागचं जसं, तसंच पुढचंही. पॅरिस कराराच्या मसुद्यात, 12 डिसेंबर 2015 च्या दुपारी, कलम 4 मध्ये एका जागी 'शॅल' राहून गेलेलं अमेरिकेच्या वकिलांना दिसलं. विकसित देशांनी उत्सर्जनकपातीत पुढाकार घ्यावा की घेतलाच पाहिजे, असा तो प्रश्न होता. 'शॅल' राहिलं असतं तर ते बंधन झालं असतं आणि करार अमेरिकी सिनेटपुढे न्यावा लागला असता. तिथे 'शुड' घातलं गेलं आणि तांत्रिक दुरुस्ती म्हणून वाचून दाखवलं गेलं. 'आय'पुढे 'शॅल' आणि 'यू'पुढे 'विल' एवढंच शिकवणाऱ्या आपल्या व्याकरणाच्या पुस्तकांना या 'शॅल'चा पत्ताच नाही.

म्हणून या आठवड्यात वहीत सुटा शब्द लिहू नका. पूर्ण वाक्य लिहा, आणि समोर : कोण, कोणाला, कशावर चिडून किंवा काय टाळण्यासाठी म्हणालं. अलींची मुलाखत शोधा. तो गाजलेला तुकडा जेमतेम दोन-तीन मिनिटांचा आहे. पहिल्यांदा उपशीर्षकं बंद ठेवून ऐका. कॅरिबियन उच्चार सुरुवातीला कानाला वेगळे लागतील, पण वेग फार नाही. दुसऱ्यांदा फक्त सॅकर यांचे प्रश्न उतरवा. बहुतेक जण उत्तरंच उतरवतात आणि मग प्रश्न विचारायची वेळ आली की तोंडातून 'व्हॉट इज युअर ओपिनियन'शिवाय काही निघत नाही. तिसऱ्यांदा अलींच्या बोलण्यात 'गेस व्हॉट' किती वेळा येतं ते मोजा आणि प्रत्येक वेळी त्यानंतर काय येतं ते लिहून काढा.

पुढच्या भागात 'नोट्स', 'इन्व्हाइट्स', 'अर्जेस' आणि 'डिसाइड्स' : परिषदेच्या ठरावातली ही क्रियापदं कोणत्या क्रमाने चढत जातात, आणि मंत्री कॅमेऱ्यासमोर त्यांची पायरी कशी हळूच बदलतात.