पार्सलाचा सरसकट खर्च : हिशेब उघडा असावा

मालेगाव, भिवंडी किंवा इचलकरंजीच्या कापडाची मागणी आज फोनवर नोंदवली जाते आणि माल थेट गिऱ्हाइकाच्या घरी जातो. त्यामुळे कापडाच्या भावाइतकाच पार्सल खर्चाचा प्रश्न महत्त्वाचा झाला आहे. पुष्कळ व्यापारी त्याला एकच उत्तर देतात, ‘भारतात कोठेही अमुक रुपये.’ असा सरसकट दर लावणे रास्त आहे काय, याचा विचार व्यापारीबंधूंनी करावा असे आम्हास वाटते.

ही कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये १८४० साली रोलंड हिल यांच्या योजनेप्रमाणे अर्ध्या औंसापर्यंतच्या पत्राला, अंतर कितीही असो, एक पेनी दर ठरला. आपल्याकडे १ ऑक्टोबर १८५४ पासून पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा दर सुरू झाला. हिल यांचे म्हणणे असे की, पत्राचा खरा खर्च ते गोळा करणे व वाटणे यात आहे. प्रवासाचा खर्च नगण्य आहे. म्हणून अंतराचा हिशेब सुटला. वजनाचा मात्र सुटला नाही.

अमेरिकेच्या टपाल खात्याने खोक्यांसाठी असा दर ठेवला आहे. ठरलेल्या मापाच्या खोक्यात ७० पौंडांपर्यंत काहीही भरा, देशांतर्गत दर एकच. रिकामे खोके मोफत मिळते. पण ते त्याच सेवेसाठी वापरावे आणि त्याची झाकणे नेहमीच्या घडीवर मिटावीत, अशी अट आहे. तेच खोके उलटे करून स्वस्त सेवेने पाठवणे म्हणजे खात्याचा माल फुकट वापरणे होय. शिवाय हा दर लहान पण जड मालालाच परवडतो. हलक्या मालाला वजनाप्रमाणे पैसे भरलेले बरे.

आपल्याकडे बहुतेक कुरियर कंपन्या वजनाबरोबर आकारमानही पाहतात. लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकार करायचा आणि सामान्यतः ५००० ने भागायचे. ४० × ३० × २५ च्या खोक्यातील अडीच किलोची रजई अशा हिशेबाने ६ किलोची ठरते. उलट ३० × २५ × १० च्या गठ्ठ्यातील दोन किलोच्या सुती साड्या आकारमानाने दीड किलोच भरतात. त्यांचे पैसे दोन किलोचेच लागतात. म्हणून रजई आणि साडी यांना एकच दर लावणारा व्यापारी एका गिऱ्हाइकाचा बोजा दुसऱ्यावर टाकतो.

सरसकट दर म्हणजे सरासरी. समजा, एकाच प्रकारच्या दहा पार्सलांपैकी चार प्रत्येकी ५० रुपयांत, चार ८० रुपयांत आणि दोन १४० रुपयांत गेली. एकूण खर्च ८०० रुपये, सरासरी ८०. येथे ८० रुपये घेणे रास्त आहे. जवळचा थोडे जास्त देतो, लांबचा थोडे कमी. पण १२० घेतले, तर वरचे ४०० रुपये पोस्टेज नव्हेत. तो नफा आहे. नफा कमावणे गैर नाही, पण त्याची जागा मालाच्या भावात आहे. पोस्टाच्या चिठ्ठीवर रक्कम छापलेली असते. गिऱ्हाईक ती वाचते आणि पुढच्या खेपेस दुसरे दुकान शोधते.

आमच्या मते चार गोष्टी पाळाव्यात. दर ‘सरासरी’ आहे हे आधीच सांगावे. पुठ्ठा, पिशवी व मजुरी त्यात धरली असल्यास तसे लिहावे. जाड व फुगीर मालाचा दर वेगळा ठेवावा. माल परत आल्यास जाण्या-येण्याचा खर्च कोणाचा, हे पावतीवर नमूद करावे. दर सहा महिन्यांनी पावत्या काढून सरासरी तपासावी. खर्च उतरला असेल तर दरही उतरवावा.

दुकानात गज आणि तराजू गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर असतात. पार्सल बांधताना ते समोर नसते, म्हणून तेथे दियानतदारी अधिक लागते.