पदार्थात नाही, पण प्रक्रियेत आहे

चायनीजच्या गाडीवर कढईत चिमूटभर पांढरी पूड पडते. तिला आपण ‘अजिनोमोटो’ म्हणतो. वास्तविक हे एका जपानी कंपनीचे नाव आहे. पूड आहे मोनोसोडियम ग्लुटामेटची. टोमॅटोत आणि मुरलेल्या चीजमध्ये असते तेच हे ग्लुटामेट. या पुडीवरून २००१ च्या जानेवारीत इंडोनेशियात मोठे वादळ उठले. तेथील उलेमांच्या मंडळाने ती हराम ठरवली, कंपनीला हजारो टन माल बाजारातून परत घ्यावा लागला. उलट, स्वतः धर्मशास्त्राचे जाणकार असलेले राष्ट्राध्यक्ष अब्दुर्रहमान वाहिद म्हणाले, पूड हलाल आहे. आणि गंमत म्हणजे पुडीत डुकराचा अंश सापडतो की नाही, हा मंडळाच्या दृष्टीने मुख्य मुद्दाच नव्हता!

मग प्रश्न होता तरी कोणता? त्यासाठी ग्लुटामेट कसे बनते ते पाहू. १९०८ साली किकुनाए इकेदा यांनी ते समुद्रशैवालातून वेगळे केले. आता हे काम जिवाणू करतात. उसाच्या मळीतील साखर खाऊन ते ग्लुटामिक आम्ल बाहेर टाकतात. मात्र मोठ्या टाकीत सोडण्यापूर्वी या जिवाणूंचे विरजण जतन करावे लागते, आणि त्याला प्रथिनांच्या बारीक तुकड्यांचे खाद्य लागते. कंपनीने हे खाद्य बदलून सोयाबीनपासून केलेले घेतले. सोयाबीन म्हणजे शुद्ध शाकाहार! पण त्यातील प्रथिने तोडण्यासाठी खाद्य पुरवणाऱ्याने जे विकर, म्हणजे एन्झाइम, वापरले होते ते डुकराच्या शरीरातून काढलेले होते. विकर क्रिया घडवून आणते, स्वतः खर्च होत नाही. विकराने सोयाबीन तोडले, ते विरजणाने खाल्ले, विरजण टाकीत वाढले आणि तेथून स्फटिक निघाले. एवढ्या पायऱ्यांनंतर पुडीत काय उरणार?

इस्लामी धर्मशास्त्रात रूपांतराचा विचार फार जुना आहे. त्याला ‘इस्तिहाला’ म्हणतात. दारू निषिद्ध, पण तिचा आपोआप सिरका झाला तर तो चालतो. हनफी परंपरा हे तत्त्व बरेच व्यापकपणे लावते, शाफई परंपरा डुकराच्या बाबतीत ते मानत नाही. इंडोनेशियातील बहुसंख्य मुसलमान शाफई आहेत. आपल्या कोकणातलेही शाफईच, तर उर्वरित महाराष्ट्रातले बहुतेक हनफी. तेव्हा एकाच वर्गातील दोन मुलांना जिलेटिनच्या कॅप्सूलविषयी घरी वेगवेगळी उत्तरे मिळाली, तर शिक्षकांनी नवल मानू नये. इंडोनेशियाच्या मंडळाने मात्र रूपांतरापेक्षा दुसऱ्याच गोष्टीवर बोट ठेवले: डुकराचा उपयोग करून घेतला, हेच मुळी निषिद्ध.

आम्हा प्रयोगशाळेतल्या मंडळींना येथे म्हणावेसे वाटते, ‘रेणू तोच आहे, कोणत्याही चाचणीत फरक दिसणार नाही.’ हे खरेच आहे. पण ते वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर आहे. वासराच्या जठरातील रेनेट वापरून केलेले चीज आपल्याकडील अनेक शाकाहारी माणसे खात नाहीत. त्या चीजमध्ये वासराचे उरते ते अगदी नाममात्र. तरी त्यांना कोणी अडाणी म्हणत नाही, कारण त्यांचा आक्षेप ते कसे केले याला असतो.

कंपनीने पुढे विरजणाचे खाद्य बदलले आणि तिला हलाल मान्यता परत मिळाली. इंडोनेशियाने २०१४ साली कायदा करून अशी प्रमाणपत्रे टप्प्याटप्प्याने सक्तीची केली. रोजच्या व्यवहारातील अडचण यामुळे स्पष्ट व्हावी. दुकानात पाकीट उलटून घटकांची यादी वाचणाऱ्या मुसलमान गृहिणीला जिलेटिनचे नाव दिसेल. आपल्याकडील हिरव्या ठिपक्यावरून पदार्थ शाकाहारी आहे एवढे कळेल, पण इसेन्समध्ये अल्कोहोल आहे का, हे त्यावरून कळणार नाही. प्रक्रियेत मदत करून बाजूला होणाऱ्या द्रव्यांची नावे तर यादीत सहसा नसतातच. ती शोधायला कारखान्याची खरेदीची वही उघडावी लागते. आणि इंडोनेशियातल्याप्रमाणे कधी कधी, त्या कारखान्याला माल पुरवणाऱ्याचीही.