ट्रॅक्टरचा काटा लाल पट्ट्यात गेला? झाकण उघडू नका. इंजिन का तापतं, ते आधी असं ओळखा

मे महिन्याचं ऊन, जमीन दगडासारखी कडक आणि मागे रोटाव्हेटर. पाऊस तोंडावर आलेला, त्यामुळे दोन एकर आजच उरकायचे असतात. अशा वेळी डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकतो आणि चालक म्हणतो, "एवढं वावर झालं की बघू." नेमकं हेच महागात पडतं. काही शे रुपयांच्या बेल्टवर भागणारं काम हेड, गॅस्केट आणि पिस्टनपर्यंत जातं. खर्च हजारोंत होतो आणि ऐन पेरणीत ट्रॅक्टर आठ-पंधरा दिवस गॅरेजला पडून राहतो. बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही.

काटा वर गेला की पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं?

आधी लोड काढायचा. पीटीओ बंद करा, अवजार उचला, ट्रॅक्टर सावलीला न्यूट्रलमध्ये उभा करा. इंजिन लगेच बंद करू नका. हलक्या रेसवर तीन-चार मिनिटं चालू द्या, म्हणजे पाणी फिरत राहतं आणि उष्णता बाहेर पडते. गरम इंजिन पटकन बंद केलं तर पाणी जागेवरच उकळतं.

पण फॅन बेल्ट तुटला असेल, पाईप फुटून पाणी वाहून गेलं असेल किंवा ऑइलचा लाल दिवा लागला असेल, तर क्षणभरही चालू ठेवू नका, ताबडतोब बंद करा. पाणीच नसेल तर इंजिन चालू ठेवून ते थंड होणार कसं?

झाकणाला हात लावायचा नाही

रेडिएटर म्हणजे घरातला कुकरच समजा. झाकणाच्या स्प्रिंगमुळे आत दाब तयार होतो, त्यामुळे पाणी १०० अंशाला न उकळता त्याच्याही बऱ्याच वर जातं. गरम असताना झाकण फिरवलं की दाब सुटतो आणि उकळतं पाणी थेट तोंडावर, छातीवर येतं. किमान अर्धा तास थांबा. वरचा पाईप हाताला सोसेल इतका गार झाला की जाड फडकं टाका, तोंड बाजूला ठेवा आणि झाकण थोडंसंच फिरवून आधी वाफ जाऊ द्या.

तरीही भाजलंच, तर जागा २० मिनिटं साध्या वाहत्या पाण्याखाली धरा. बर्फ, टूथपेस्ट, हळद लावू नका आणि दवाखाना गाठा.

दुसरी चूक म्हणजे तापलेल्या इंजिनवर किंवा रिकाम्या रेडिएटरमध्ये विहिरीचं गार पाणी ओतणं. तापलेल्या बिडाला गार पाणी लागलं की हेडला तडा जाऊ शकतो. इंजिन निवल्यावर ते चालू करा आणि पाणी हळूहळू भरा.

तापण्याचं कारण कसं शोधायचं?

मिस्त्रीला फोन करण्याआधी स्वस्तातल्या गोष्टी क्रमाने बघा.

१) समोरची जाळी: सगळ्यात जास्त वेळा दोष इथेच सापडतो. भुसा, पाचट, गवताचं बी आणि धूळ जाळीत व रेडिएटरच्या पात्यांत बसते आणि हवा जात नाही. हवा पुढून मागे ओढली जाते, म्हणून साफ करताना फॅनच्या बाजूने पुढे हवा किंवा पाणी मारा. उलट मारलं तर कचरा आणखी आत रुततो. सर्व्हिसिंगचा जोराचा पाईप अगदी जवळ धरू नका, पाती मुडपतात.

२) फॅन बेल्ट: इंजिन बंद करून बेल्ट मधोमध अंगठ्याने दाबा. साधारण अर्धा इंच दबला तर ठीक. त्याहून सैल, चकचकीत झालेला किंवा ऑइल लागलेला बेल्ट घसरतो. फॅन आणि बहुतेक ट्रॅक्टरमध्ये वॉटर पंपही त्यावरच फिरतो.

३) पाणी कुठे जातं? रोज पाणी कमी होत असेल तर पाईपचे क्लॅम्प, रेडिएटरचा तळ आणि वॉटर पंपाखालचं छोटं भोक बघा. त्या भोकातून थेंब पडत असतील तर पंपाचं सील गेलं आहे. झाकणाचं रबर कडक झालं तरी दाब राहत नाही आणि पाणी लवकर उकळतं.

४) दोन पाईप: इंजिन बंद करा, फॅन थांबू द्या, मग जपून हात लावून बघा. इंजिन तापलंय पण वरचा पाईप गारच, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असण्याची शक्यता जास्त. वरचा चटका देतो आणि खालचा गार, तर रेडिएटर आतून चोंदला आहे किंवा पंप पाणी फिरवत नाही. रेस वाढवल्यावर खालचा पाईप चपटा होत असेल तर तो बदला.

५) लोड: उभ्याने तापत नाही, फक्त रोटाव्हेटर मारतानाच तापतो आणि धूर काळा येतो, तर खोली कमी करा, खालचा गिअर घ्या आणि एअर क्लीनर साफ करा. इंजिन ऑइलची पातळीही बघा. ऑइल कमी असलं तरी इंजिन तापतं.

ही लक्षणं दिसली तर काम बंद

गार इंजिनचं झाकण काढून ते सुरू करा. सुरुवातीला थोडे बुडबुडे येतात, ते अडकलेल्या हवेचे असतात. पण बुडबुडे थांबतच नसतील, रेस दिली की वाढत असतील, तर हेड गॅस्केट गेल्याचं समजा. डिपस्टिकवर ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर ऑइलमध्ये पाणी गेलं आहे. अशा अवस्थेत 'घरापर्यंत तरी नेऊ' म्हणून चालवलं की बेअरिंगं खराब होतात. ट्रॅक्टर दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून न्या.

थर्मोस्टॅट काढून टाकायचा का?

"काढून टाका, कटकट नको," असा सल्ला बऱ्याच गॅरेजला मिळतो. थर्मोस्टॅट साधारण ८० अंशांच्या आसपास उघडतो. त्याचं काम इंजिन लवकर योग्य तापमानाला आणणं. तो काढला की इंजिन उशिरा गरम होतं, डिझेल जास्त लागतं आणि सिलिंडरची झीज वाढते. शंका असेल तर तो काढून पातेल्यात पाण्यासोबत गरम करा. पाणी उकळेपर्यंत उघडला नाही तर नवा टाका.

बोअरचं पाणी नको

बोअरचं पाणी तापवलेल्या भांड्याला आतून जो पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. म्हणून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या प्रमाणात भरा. कूलंट गंज धरू देत नाही आणि उकळण्याचं तापमानही वाढवतं.

मात्र एक जपा. बऱ्याच कूलंटमध्ये इथिलिन ग्लायकॉल असतं. ते चवीला गोड पण विषारी असतं. जुनं कूलंट गोठ्याजवळ, डबक्यात किंवा उघड्या बादलीत ठेवू नका. गुरं, कुत्री ते पितात आणि दगावतात. लहान मुलांपासूनही लांब ठेवा.

हंगामात सकाळी ट्रॅक्टर सुरू करण्याआधी पाणी, ऑइल, बेल्ट आणि जाळी बघायला पाच मिनिटंही लागत नाहीत. मळणी किंवा पाचटाच्या कामात दुपारी जेवायला थांबल्यावर जाळी पुन्हा एकदा झाडा. आणि काटाच चालत नसेल तर तो आधी दुरुस्त करून घ्या, कारण इंजिन तापल्याचं चालकाला वाफ दिसण्याआधी सांगणारं दुसरं काहीच नाही.